काका, बडोद्याला परत येऊ का?

"काका, माझं वय २५. घर वाघोडिया रोडला. बारावीनंतर एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, बी-टू कोर्स केला; बी-टू म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक्स. दोन वर्षं झाली, मुंबईत एका मेंटेनन्स कंपनीत कंत्राटावर टेक्निशियन आहे, बहुतेक नाइट. लायसन्स नाही, कारण त्याच्या परीक्षेतले मॉड्यूल ५ (डिजिटल तंत्र) आणि १० (विमान कायदे) राहिलेत. पाचमध्ये दोनदा ७१-७२ टक्क्यांवर अडकले. काम विचाराल तर उपकरणाचा डबा काढा, डबा लावा. यासाठी का इलेक्ट्रॉनिक्स शिकले? बाबा रिफायनरीतून रिटायर झालेत. ते म्हणतात, स्कूटरवर जाता येईल असा विमानांचा कारखाना दारात आलाय, तिथे लाग, मुंबईत खोलीचं भाडं भरत कशाला झिजतेस? मध्यंतरी एका पिटो-स्टॅटिकच्या, म्हणजे वेग-उंची मोजणाऱ्या नळ्यांच्या, लीक टेस्टवर, मी तिथे नसताना, सही कर म्हणाले. मी केली नाही. तेव्हापासून 'तुझं अक्षर छान आहे' म्हणून माझ्याकडे फक्त कागद येतात. येऊ का परत?"

पत्रात काका म्हटलं आहेस, म्हणून एकेरीतच लिहितो. उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. कंपनी बदल. शहर बदलावंसं वाटलं तर तेही बदल. पण ते दोन पेपर सुटेपर्यंत उडणाऱ्या विमानावरचा हात काढू नकोस.

बाबांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा-एअरबसच्या सी-२९५ या वाहतूक विमानाच्या असेंब्ली लाइनचं उद्घाटन झालं, तेव्हा आमच्या दांडिया बाजारातल्या निवृत्त मंडळींना कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. हवाई दलाने २०२१ मध्ये ५६ विमानांचा करार केला. त्यातली १६ स्पेनमध्ये तयार व्हायची आणि ४० इथे बांधायची. ज्या जुन्या अॅव्रो विमानांच्या जागी ही विमानं येताहेत, त्याच अॅव्रोवर मी रेडिओ फिटर होतो. तेव्हा त्या कारखान्याचं कौतुक मलाही आहे, जरा जास्तच असेल. पण तिथलं आपल्या ट्रेडचं काम कसलं असतं ते बघ. नव्या सांगाड्यात वायरचे लूम, म्हणजे जुडगे, टाकायचे, कनेक्टर बसवायचे, कंटिन्युइटी तपासायची, यंत्रणा पहिल्यांदा चालू करून बघायच्या. फार चांगलं काम. हाताला जी सफाई तिथे येते ती लाइनवर, म्हणजे विमानतळावरच्या रोजच्या देखभालीत, येत नाही. मात्र तो उत्पादनाचा धंदा झाला, आणि तुला हवंय ते लायसन्स देखभालीचं आहे. कार-६६ मध्ये, म्हणजे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लायसन्सच्या नियमात, अनुभव मागितलाय तो वापरात असलेल्या विमानांच्या देखभालीचा. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून (कार-१४७) कोर्स पूर्ण केलेल्याला बी-टूसाठी दोन वर्षं पुरतात, आणि त्यातलं निदान एक वर्ष अलीकडचं असावं लागतं. कोर्स न करता आलेल्याला हेच पाच वर्षांवर जातं.

म्हणजे तुझा अनुभव भरत आलाय, अडलंय ते दोन पेपरांपाशी. आज कारखान्यात गेलीस आणि पेपर सुटायला वर्ष-दीड वर्ष लागलं, तर इथली दोन वर्षं जुनी व्हायला लागतील, आणि तिथल्या वर्षाचा या हिशेबात उपयोग होईल याची खात्री मी तरी देणार नाही. हातातोंडाशी आलेला घास का सोडायचा?

बाबांना हे कसं पटवायचं असं तू विचारलेलं नाहीस, पण पत्रात तो प्रश्न आहेच. रिफायनरीत नोकरी केलेल्या माणसाला बॉयलरचं सर्टिफिकेट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. बॉयलरजवळ दहा वर्षं काढलेला हेल्पर आणि कालच परीक्षा पास झालेला अटेंडंट, या दोघांतून कायद्याने बॉयलर कोणाच्या ताब्यात देता येतो, हे त्यांना पाठ असणार. पगारातला फरकही ठाऊक असणार. त्यांना सांग की मी सध्या तो हेल्पर आहे आणि दोन पेपर दिले की अटेंडंट होते. मग कारखान्याचा विषय ते स्वतःच पुढे ढकलतील.

आता डबा काढा, डबा लावा. एव्हिऑनिक्सच्या प्रत्येक नव्या बॅचची हीच तक्रार असते. कोर्सला ट्रान्झिस्टरचं बायसिंग शिकायचं आणि हँगरमध्ये येऊन नट सोडवून पेटी ओढायची! लाइनवर पेटी उघडायची मुभाच नाही, ती शॉपमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कार्यशाळेत, जाते आणि तिथेच उघडते. मग आपल्या वाट्याला इलेक्ट्रॉनिक्स कुठलं येतं? पेटीला हात लावण्याआधीचं.

समज, टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहिलाय की व्हीएचएफ-१, म्हणजे पहिला रेडिओ, मधूनमधून जातो. विमान रात्री साडेअकराला आलं आणि पहाटे पाचला जायचंय. घाईचा मार्ग सगळ्यांनाच येतो. सर्किट ब्रेकर ओढला, टॅग लावला, पेटी बदलली, टॉवरकडून रेडिओ चेक घेतला. आवाज लख्ख. सही, चहा. दोन दिवसांनी तोच स्नॅग पुन्हा हजर, आणि काढलेली पेटी शॉपमधून 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा घेऊन परत. पेटी चांगलीच होती. ओढून बसवताना कनेक्टरमधला संपर्क जरा घासला गेला आणि दोन दिवस टिकला, एवढंच.

पुढच्या खेपेला जुनी पेटी बाहेर आली की लगेच नवी आत ढकलू नकोस. टॉर्च घे आणि रॅकमधल्या कनेक्टरमध्ये बघ. सरळ उजेडात सगळ्या पिना सारख्याच दिसतात. टॉर्च तिरका धर आणि रांगेवरून सावकाश फिरव. पिनांची टोकं एकामागून एक चमकत जातात, आणि मध्येच एक चमकत नाही. ती केसभर आत सरकलेली असते. किंवा कडेला हिरवट पूड दिसते, म्हणजे पाणी पोचलंय. मुंबईचा पावसाळा तू पाहिला आहेस, वेगळं सांगायला नको. कनेक्टर ठीक निघाला तर बरोबरच्या इंजिनिअरला विचारून, मॅन्युअल परवानगी देत असेल तर, व्हीएचएफ-१ आणि २ च्या पेट्या अदलाबदल करायच्या. स्नॅग पेटीबरोबर दोनवर गेला तर पेटी दोषी. एकवरच राहिला तर पेटीचा काही संबंध नाही, वायर, कोअॅक्स (अँटेनाची केबल) किंवा अँटेना बघायची. बहुतेक जेटवर व्हीएचएफ-१ ची अँटेना पाठीवर असते. तिच्या बुडाचं सीलंट कुठे सुटलंय, खाली गंज धरलाय का, बॉण्डिंगचं (सांगाड्याशी विजेच्या जोडाचं) रीडिंग मिलिओममध्ये किती येतंय, हे बघायला शिडी लावावी लागते, आणि पहाटे तीनला शिडी आणायला कोणी खूश नसतं. तू आण.

वायरिंगचंही तसंच. विमानातल्या बहुतेक वायरी पांढऱ्या, ओळख काय ती अंगावर छापलेल्या अक्षरांची नि आकड्यांची. डायग्रामवरचा नंबर घेऊन लूममधली नेमकी ती वायर शोधायची, ती कुठल्या क्लॅम्पवर घासतेय ते बोटाने चाचपायचं. हे काम ज्याला येतं त्याला शिफ्टमध्ये कोणी कागद देऊन बसवत नाही, कारण तो नसला की विमान उभं राहतं. तुला आत्ता नेमकं हेच सिद्ध करायचंय. शिफ्ट सुरू होताना हँडओव्हरमध्ये पुन्हा पुन्हा येणारा एखादा स्नॅग हेर, त्याचं ट्रबलशूटिंगचं पान आणि वायरिंगचं पान आधीच काढून ठेव, आणि 'आज काय करू' असं विचारण्याऐवजी 'हा स्नॅग मी धरते, सर, मला हे दोन चेक करायचेत' असं म्हण. नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागेल.

आता त्या सहीबद्दल. तू ती पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी लिहिलीस, पण परत यावंसं वाटण्याचं खरं कारण मला तिथेच दिसतं. भाडं नाही, नाइट नाही.

बाबांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. पिटो नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब घेते, स्टॅटिक पोर्ट बाजूच्या स्थिर हवेचा. वैमानिकासमोरची उंची आणि वेग या दोन दाबांवरून ठरतात. त्या पायपांचा एखादा जोड उघडला की परत जोडल्यावर लीक टेस्ट करायची. टेस्ट सेट लावून वरच्या उंचीइतका कमी दाब धरायचा आणि ठरलेल्या वेळात आकडा किती सरकतो ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे. नळ्या लावायच्या, वाट बघायची, पुन्हा काढायच्या. म्हणूनच ते न करता सही मारायचा मोह होतो.

२ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून रात्री निघालेलं एरोपेरूचं बोइंग ७५७. विमान धुण्याआधी स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. निघण्यापूर्वी विमानाभोवती फेरी मारणाऱ्या वैमानिकालाही ती दिसली नाही. समुद्रावर, मिट्ट काळोखात, उंचीचे आणि वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात. एकाच वेळी वेग फार वाढल्याची आणि फार कमी झाल्याची अशा दोन्ही सूचना वाजत होत्या. विमान पाण्यात गेलं आणि त्यातले सगळे ७० जण गेले. संगणक शाबूत होते, इंजिनं शाबूत होती. आपल्या ट्रेडमधल्या सगळ्यात फालतू वाटणाऱ्या कामाचा हा प्रकार.

तू सही केली नाहीस ते बरोबर केलंस. त्यावर दुसरं मत असूच शकत नाही, आणि 'जरा अॅडजस्ट करायला शीक' असं कोणी सांगत असेल तर त्याचं नाव मनातल्या मनात खोडून टाक. आता पुढचं कर. तो प्रसंग तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन आणि टास्क कार्डचा नंबर घालून स्वतःच्या वहीत लिहून ठेव. कोण काय म्हणालं तेवढंच लिही, तुला काय वाटलं ते नको. कार-१४५ च्या, म्हणजे देखभाल संस्थांच्या नियमाच्या, मान्यतेवर चालणाऱ्या संस्थेत क्वालिटीचा आणि सेफ्टीचा जबाबदार माणूस असतो, आणि अशा गोष्टी कळवायची लेखी पद्धतही असते. आधी तिथे जा. ती टेस्ट नंतर कोणीतरी खरोखर केली का, हा प्रश्न तुझ्या मानापमानापेक्षा मोठा आहे, आणि तो याच शब्दांत विचार. तिथे दाद लागली नाही तर डीजीसीएकडे स्वतःहून, नाव गुप्त ठेवून कळवायचीही सोय आहे. भांडण करायला जाऊ नकोस. भांडणाचा कागद होत नाही.

आणि या सगळ्यानंतरही हातात कागदच येत राहिले, तर ती कंपनी सोड. सोडायच्या आधी मात्र एक काम आटप, आणि राजीनाम्याचा विषय तोंडातून निघण्यापूर्वी आटप: लॉगबुक. दोन वर्षांत केलेलं प्रत्येक काम तारीख, रजिस्ट्रेशन, एटीए चॅप्टर (विमानाच्या यंत्रणेचा क्रमांक) आणि कामाचं वर्णन अशा नोंदीने लिहिलेलं आहे का? त्यापुढे लायसन्सवाल्या इंजिनिअरची सही आणि नंबर आहे का? माझ्या पाहण्यात कितीतरी मुलं इथेच मार खातात. काम केलेलं असतं, पण सही करणारा इंजिनिअर दुबईला गेलेला असतो. दर आठवड्याला सह्या घ्यायची सवय लाव. नुसतं 'पेटी बदलली' असंही लिहू नकोस. चॅप्टर २३ चा, म्हणजे रेडिओचा, स्नॅग, काय तपासलं, काय सापडलं, कशावरून खात्री केली, असं लिही. चॅप्टर २४ (वीज), ३१ (दर्शक उपकरणं), ३४ (नॅव्हिगेशन) अशी विविधताही त्यात दिसू दे. सगळी पानं रेडिओचीच असली तर ती भरतीची वाटतात.

पुढची कंपनी बघताना एक सुचवतो. लाइन पुरे झाली, आता बेसला, म्हणजे मोठ्या तपासणीच्या हँगरला, जा. नागपूरला मिहानमध्ये मोठी विमानं खोलून तपासायची सोय आहे, मुंबई-हैदराबादकडेही आहे. मोठ्या चेकमध्ये फरशा निघतात, पॅनेल निघतात आणि ज्या लूमचा तू फक्त नंबर वाचला होतास तो पूर्ण लांबीचा उघडा दिसतो. तिथे दिवसपाळी मिळण्याची शक्यताही जास्त, म्हणजे अभ्यास होईल.

अभ्यासाचं. मॉड्यूल ५ मध्ये ७१-७२ येणाऱ्याला विषय येत नाही असं नसतं. पास व्हायला ७५ लागतात, आणि हे तीन-चार टक्के बहुधा टाकून दिलेल्या धड्यांत असतात. नंबर सिस्टिम, लॉजिक गेट यावर सगळे घाम गाळतात. फायबर ऑप्टिक्स, सॉफ्टवेअरचं नियंत्रण, वीज आणि विद्युतचुंबकीय अडथळ्यांपासून संरक्षण, हे धडे 'वाचले की येतील' म्हणून राहतात. तुझे कुठले राहिले ते तुलाच माहीत. डेटा बस पाठ करू नकोस, मांड. एरिंक ४२९, म्हणजे विमानातल्या पेट्यांनी एकमेकींना माहिती पाठवायची पद्धत, तिचा ३२ बिटांचा शब्द कागदावर आख. पहिली ८ बिटं लेबलची, शेवटचं पॅरिटीचं, मधली काय सांगतात ते स्वतः भर. दाबावरून काढलेल्या उंचीचं लेबल २०३, तेही ऑक्टलमध्ये. ते बायनरीत लिहून बघ. ज्या पिटो-स्टॅटिकच्या टेस्टवर तू सही नाकारलीस तिचा आकडा शेवटी याच शब्दातून वैमानिकासमोर जातो. एकदा असं जुळलं की प्रश्न फिरवून विचारला तरी फसत नाही.

मॉड्यूल १० ला मुलं सीनिअरच्या नोट्स घोकतात. त्या नोट्समध्ये बहुतेक ठिकाणी एअरक्राफ्ट अॅक्ट १९३४ असणार. त्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली आहे, १ जानेवारी २०२५ पासून. लायसन्सचा नियम ६१ मात्र एअरक्राफ्ट रूल्स १९३७ मधला. डीजीसीएच्या साइटवरून आजचं कार-६६, कार-१४५ आणि कार-एम (उड्डाणयोग्यता टिकवण्याचे नियम) उतरवून घे आणि मूळ मजकूरच वाच. भाषा रूक्ष आहे, पण तू रोज जे टास्क कार्ड भरतेस त्यावरचा प्रत्येक रकाना तिथूनच आलाय. कागदांच्या शिक्षेचा हा एक फायदा करून घे.

टाइप रेटिंगसाठी, म्हणजे एका ठरावीक प्रकारच्या विमानाच्या परवान्यासाठी, आत्ताच कर्ज काढायला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. खर्च लाखांत जातो आणि लायसन्स नसताना त्याचा उपयोग शून्य. लायसन्स झालं की बऱ्याच कंपन्या स्वतः पाठवतात, बाँड लिहून घेतात. बाँडचा कागद बाबांना दाखवून मगच सही कर.

आणि बडोदा? लायसन्स हातात आल्यावर जरूर ये. हरणीच्या विमानतळावर रोज येणारी विमानं मोजकी, त्यामुळे लाइनच्या जागाही मोजक्याच. इथल्या ११ स्क्वाड्रनची सी-२९५ हवाई दलाची, तिथे गणवेशातली माणसं काम करतात. कारखान्यात मात्र लायसन्स घेतलेल्या बी-टूला ग्राउंड टेस्टकडे किंवा क्वालिटीकडे जागा मागता येते, आज तू मागशील त्याहून वरची. फक्त तेव्हा एक नियम लक्षात ठेव: मागच्या दोन वर्षांत सहा महिने देखभालीचं काम नसेल तर लायसन्स खिशात असूनही त्याचा अधिकार वापरता येत नाही. कारखान्याशी बोलताना तिथलं काम त्या सहा महिन्यांत धरलं जाईल का, हा प्रश्न पगाराच्या आधी विचार आणि उत्तर लेखी घे.

दिवाळीला घरी येशील तेव्हा लॉगबुकची झेरॉक्स घेऊन सकाळी दहानंतर ये. कुठल्या नोंदी पुन्हा लिहाव्या लागतील ते बसून बघू.